पालथा इस्तिकान

यज्द, ४ मेहर

सितारे,

तुझं पत्र आलं. अकरा वर्षांनी. आलं ते सियामकच्या फोनवर. त्याने ते कागदावर छापून आणलं आणि दारातूनच ओरडला, "खालाजान, तुमच्या इंग्रज बाईंना तुमची आठवण झाली बरं का!" सियामक म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. तू गेलीस तेव्हा तो जन्मलाही नव्हता, आता त्याला टक्कल पडलंय. मी हाताने लिहायचं, त्याने फोटो काढून तुला पाठवायचा, असं ठरलं आहे. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. डोळे साठीनंतर कुणाचेच आपले राहत नाहीत.

तुझ्या पत्रात दोन ओळी माझ्या तब्येतीच्या आणि दीड पान एका चौपदीचं. तक्रार करत नाही, मोजून सांगते आहे. बत्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या, सवय जात नाही.

तर, तुझ्या विद्यापीठातला कुणी तरुण म्हणतो की 'पालथा पेला' ही चौपदी शेख नमदींची नव्हेच. सातशे वर्षांपूर्वी लोकर कुटून नमदे करणारा माणूस अशी भाषा लिहिणार नाही, आणि दुसऱ्या एकाही जुन्या वहीत ती सापडत नाही. फक्त तुझ्या पुस्तकात आहे. आणि तुझं पुस्तक तर त्या चौपदीच्याच नावाने जगभर खपलं. वसंतात तुझं निरोपाचं व्याख्यान आहे, पुस्तकाची शेवटची आवृत्ती निघते आहे, आणि त्याआधी तुला माझ्या बाबांच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो हवा आहे. नाहीतर तो तरुण सगळ्यांसमोर तुला खोटी ठरवेल.

शोधते. वही कुठेतरी असेल.

इकडचं म्हणशील तर तुझ्या पुस्तकाने आमच्या गल्लीचं पार तीर्थक्षेत्र करून टाकलंय. बाबांच्या वेळी शेखच्या मजारीत कोण यायचं? दोन नमदेवाले, आणि मूल होत नाही म्हणून नवस बोलणाऱ्या बायका. आता बसगाड्या येतात. मजारीच्या भिंतीवर तुझं भाषांतर लावलंय, खाली आमची फारसी, बारीक अक्षरात, आपल्याच घरात पाहुण्यासारखी:

*पेला पालथा केलास तू, म्हटलंस एवढंच, 'पुरे';*
*इथला विस्तव विझला नाही, निखारा अजून उरे.*
*कितीजणांचे पेले भरले यानंतर या हाती,*
*तुझ्या एका पेल्यापाशी हात थांबून झुरे.*

परवा बारा जण आले होते, डच की जर्मन. समोर मश्दी यदुल्लाचा चहाचा ठेला आहे. त्याने बारा रिकामे इस्तिकान, चहाचे काचेचे पेले, मांडले आणि किटली आणायला वळला. परत येऊन बघतो तर बाराच्या बारा बशीत पालथे, आणि मंडळी डोळे मिटून बसलेली. आता आमच्याकडे चहाचा पेला पालथा घातला की त्याचा अर्थ एकच: पोट भरलं, आता ओतू नका. यदुल्ला मुकाट्याने किटली परत घेऊन गेला. मी जवळच बाकावर बसले होते.

"तूरान खानम, न पिताच पोट भरलं यांचं?"

"ते आत्मा रिकामा करताहेत, मश्दी. इंग्रजी पुस्तकात तसं लिहिलंय."

"आत्मा आपल्या घरी रिकामा करावा की! माझे पेले कशाला अडवून ठेवायचे?"

अर्धा तास ते चहाची वाट बघत बसले आणि यदुल्ला त्यांनी पेले सुलटे करायची. शेवटी तहानलेलेच गेले. मी इतकी हसले की घरी आल्यावरही हसू येत होतं. मग लक्षात आलं, सांगायला घरात कुणीच नाही.

तुझी,
तूरान


१९ मेहर

सितारे,

अकरा वर्षं पत्र नाही आणि आता पंधरवड्यात तीन! तुझ्यावरून जीव ओवाळून टाकावा की वहीवरून, तेच कळेनासं झालंय.

वही अजून सापडली नाही. मागच्या खोलीतल्या पेट्यांना वाळवी लागली होती, तिने खाल्ली असेल तर माझा इलाज नाही. सियामकला सांगितलंय शोधायला. तो म्हणतो, "खालाजान, तुम्हाला घरातली प्रत्येक सुई कुठे आहे ते ठाऊक, आणि वही ठाऊक नाही?" आगाऊ आहे. बाजारात त्याचं हस्तकलेचं दुकान आहे आणि तिथे तो काय विकतो सांगू? कॉफीचे मग. वर तुझी चौपदी, इंग्रजीत. चीनमधून बनून येतात. मी म्हटलं, लाज वाटत नाही? तर म्हणतो, "शेखनी आयुष्यभर नमदे विकले, मी शेखना विकतो. धंदा घराण्यातलाच आहे."

तू विचारतेस, ती चौपदी वहीत कुठे होती, सुरुवातीला की शेवटी, तुला आठवत नाही. कसं आठवेल? ती तू पाहिलीच नव्हतीस. तुला आमची शिकस्ता, ती मोडून लिहिलेली लिपी, वाचता यायची नाही. तू म्हणायचीस, हे अक्षर नाही, मुंग्या आहेत. आणि वही घराबाहेर जाऊ द्यायची नाही, फोटो काढू द्यायचा नाही, हा बाबांचा हट्ट. म्हणून रोज दुपारी, बाबा मजारीत गेले की, मी वाचायचे आणि तू लिहायचीस. वीस महिने. तू चोवीसची, मी वीसची. मधे चहाचं पाणी उकळणारा समोवार, त्याच्या बाजूला आईने तळलेले कुत्ताब. पिठीसाखर तुझ्या कागदांवर सांडायची.

तुला आठवतं, आल्या आल्या तू आईच्या लोकरीच्या शालीचं कौतुक केलंस? आई म्हणाली, "तुझीच समज!" असं म्हणायचं असतं, आणि ऐकणाऱ्याने तीनदा नको म्हणायचं असतं. तू थँक्यू म्हणून घेतलीस! आईने अख्खा हिवाळा बाबांच्या जुन्या कोटावर काढला आणि कुणाला एक शब्द बोलू दिला नाही. "पोर आहे, परदेशी आहे. दिलं म्हटलं की दिलं." तुझं नाव हेस्टर तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने सितारे केलं. तारा. तू म्हणालीस, माझ्या नावाचा अर्थही तोच आहे, तर तिला वाटलं, तिनेच तुझं बारसं केलं.

पुढे तू शहाणी झालीस. 'नको नको' शिकलीस. चहा पुरे झाला की इस्तिकान पालथा घालायला शिकलीस. आई तो एकदा आपल्या हाताने सुलटा करायची, "हा माझ्या नावाचा" म्हणायची आणि ओतायची. यजमानिणीच्या नावाचा पेला नाकारायचा नसतो. तू हसत हसत प्यायचीस.

आणि त्या चौपदीचा दिवस. तुझं जायचं ठरलं होतं. मी वाचली, तू पेन्सिल खाली ठेवलीस. म्हणालीस, "परत म्हण." मी परत म्हटली. तुझे डोळे भरले. म्हणालीस, "तूरान, सातशे वर्षांत असं कुणी लिहिलं नाही." मी मान खाली घालून कुत्ताबची साखर पुसत बसले.

आज एवढंच. गुडघा दुखतो आहे.

तूरान


७ आबान

सितारे,

वही सापडली. म्हणजे हरवली नव्हतीच, माझ्या उशाखालच्या पेटीत होती. म्हातारपणी माणूस आपल्याच वस्तू आपल्यापासून लपवतो.

तुझं कालचं पत्र मी दोनदा वाचलं. तू लिहितेस, "ही एक चौपदी गेली तर माझ्या चाळीस वर्षांतलं काहीच उरत नाही. नवरा गेला, मूल झालं नाही, डोळ्यांचं ऑपरेशन आहे. लोक मला विसरतील, पण निदान या चार ओळी मी त्यांच्यापर्यंत पोचवल्या, एवढ्यावर मी झोपते." हे तू मला आजवर कधी लिहिलं नव्हतंस. नवरा गेल्याचंही मला आत्ता कळतंय. देव त्याला शांती देवो. तू सांगितलं असतंस तर मी शोकाचा हलवा केला असता, इथल्या इथे, चार घरी वाटला असता. तेवढं तर करता आलं असतं ना?

फोटो पाठवते. मला तीन आठवडे दे. पान जुनं आहे, जपून उघडावं लागतं.

सियामकला अक्रोडाची टरफलं आणायला पाठवलंय. तो विचारतो, "टरफलं कशाला? अक्रोड आणू का?" म्हटलं, केस रंगवायचे आहेत. पोट धरून हसला.

इकडे डाळिंबं उतरली आहेत. तफ्तहून आलेली, तुला आवडायची ती.

तूरान


२८ आबान

सितारे,

पान तयार झालं. सापडलं, असं म्हणायचं होतं.

सियामक उद्या फोटो काढेल. आज दुकानात गिऱ्हाईक आहे.

तू.


१५ आझर

सितारे,

हे पत्र सियामकच्या हाती देत नाही. तो फोटो काढता काढता वाचतो, मला ठाऊक आहे. म्हणून आजवरच्या पत्रांत मी इतकं गोल गोल बोलले. हे मी स्वतः टपाल कचेरीत जाऊन टाकणार आहे, गुडघ्यासकट. तुला ते मिळेपर्यंत कदाचित महिना जाईल. जाऊ दे. त्रेचाळीस वर्षं थांबलं आहे.

फोटो मी काढू दिला नाही; पाकिटात दोन पानंच आहेत. आधी मोठं बघ.

छान आहे ना? करडा जुना कागद, तपकिरी शाई, शिकस्ता लिपी, ही वही उतरवून काढणाऱ्या माझ्या पणजोबांचं अक्षर. त्यावर तुझी चौपदी. हे पान तू त्या तरुणाच्या तोंडावर फेकलंस तर तो गप्प बसेल. कागद खरा आहे, वहीच्या शेवटी चार पानं कोरी होती, त्यातलं एक मी सोडवलं. शाई अक्रोडाच्या टरफलांची. आणि अक्षर माझं. बत्तीस वर्षं मी मुलींना सुलेखन शिकवलं. पणजोबांचा हात मला माझ्या हाताइतका ठाऊक आहे. अकरा दिवस लागले. पहिली सहा पानं मी तंदूरमध्ये घातली, ते सरावाचे साधे कागद होते.

होय, हे पान खोटं आहे. कारण वहीत ती चौपदी नाही. कधीच नव्हती.

आता लहान कागद बघ. तो माझ्या शाळेच्या वहीचा आहे, पेन्सिलीने लिहिलेला, पुसट झालाय. तुझे डोळे आता अधू आहेत, म्हणून इथे परत लिहिते:

*इस्तिकान पालथा केलास तू, म्हटलंस एवढंच, 'पुरे';*
*समोवार हा निवला नाही, गुणगुण अजून उरे.*
*कितीजणांचे पेले भरले यानंतर या हाती,*
*तुझ्या एका पेल्यापाशी हात थांबून झुरे.*

इस्तिकान आणि समोवार. दोन्ही शब्द रशियनांनी आणले, पणजोबा लहान असताना. शेख नमदींनी जन्मात चहा पाहिला नव्हता. तुझा तो तरुण बरोबर आहे, सितारे. भाषा नवी आहेच. त्याला शाबासकी दे, मी त्याला पैकीच्या पैकी गुण देते.

त्या दिवशी दुपारी तुझं तिकीट आलं. आई शेजारी बाळंतिणीकडे गेली होती. तू चहा प्यायलीस, इस्तिकान बशीत पालथा घातलास, अगदी आमच्यासारखा, आणि म्हणालीस, "पुरे. माझं काम झालं." फारसी तुझी तेव्हा उत्तम झाली होती, त्या वाक्यात एकही चूक नव्हती. काम झालं! मी हसले. तू बांधाबांध करायला गेलीस आणि मी तिथेच समोवारशेजारी बसून हे लिहिलं. तू अजून गेली नव्हतीस आणि मी 'यानंतर कितीजणांचे पेले' असं लिहून बसले होते. विसाव्या वर्षी माणसाला सगळं आधीच दिसतं. पुढचे पेले मात्र खरेच भरावे लागले.

दुसऱ्या दिवशी वाचताना माझं काय बिनसलं कोण जाणे. शेखच्या दोन चौपद्यांच्या मधे मी ही घातली. इस्तिकानचा पेला केला, समोवारचा विस्तव केला, म्हणजे तुला संशय येणार नाही. मला फक्त बघायचं होतं, ती तुला कळते का. एकदा तरी तू वहीवरची नजर काढून माझ्याकडे बघतेस का. तू म्हणशील, मग लगेच सांगायचं होतंस. सांगणारच होते. पण तू रडलीस आणि म्हणालीस, सातशे वर्षांत असं कुणी लिहिलं नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू, की कालच लिहिलंय? आणि लपवून काय उपयोग, मला ते ऐकून सुखही झालं. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती एका मेलेल्या माणसाच्या नावावर गेली.

मग तू गेलीस. सहा महिन्यांत येते म्हणालीस. मग इथे राज्य बदललं, मग लढाई झाली, आठ वर्षं. पत्रं आली, आधी लांब, मग आखूड. मग पुस्तक आलं. पहिल्या पानावर तू माझे आभार मानलेस, 'वाचनात साहाय्य केल्याबद्दल'. मी ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, त्यांच्याकडे एवढंच लिहितात.

तुझ्या पुस्तकात या चौपदीतल्या 'तू' वर अकरा पानं आहेत. मी शब्दकोश घेऊन बसले आणि एकेक शब्द लावून वाचली. तू लिहिलंयस, हा 'तू' म्हणजे परमेश्वर, जो भक्ताला तहानलेला ठेवून पाठ फिरवतो. दुसऱ्या कुणी लिहिलं, तो शेखचा गुरू होता. कुणी तिसऱ्याने लिहिलं, नमदेबाजारातला कुणी सुंदर तरुण. लोक त्या 'तू' साठी लग्नात रडतात, दंडावर गोंदवून घेतात, आमच्या यदुल्लाचे पेले पालथे घालतात. एवढ्या सगळ्या विद्वान माणसांतल्या एकालाही वाटलं नाही, की समोर पाय पसरून बसलेल्या, कागदांवर साखर सांडणाऱ्या एका मुलीला कुणी तू म्हणत असेल.

सितारे, तो 'तू' म्हणजे तू होतीस.

याला काय म्हणायचं ते मला विचारू नकोस. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नव्हतं, आणि मी कधी शोधलं नाही. मला स्थळं आली, मी नाकारली, लोक म्हणाले पोरीला पुस्तकं वाचून शिंगं फुटली. मला फक्त एवढं माहीत आहे, की त्या वीस महिन्यांनंतर माझ्याशी दुपारी कुणी बोललं नाही.

आता तू ठरव. मोठं पान दाखवलंस तर तुझी चाळीस वर्षं वाचतील, आणि मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही, आईच्या शालीची शपथ. लहान कागद दाखवलास तर तुझा तरुण जिंकेल आणि लोक हसतील. तुला, कदाचित मलाही. मला राग येणार नाही, दोन्हीपैकी काहीही केलंस तरी. राग तू जाताना आला होता, तो केव्हाच जिरला.

माझीही एक चूक आहे, ती सांगते आणि संपवते. त्या दुपारी आई घरात नव्हती. तू पालथा घातलेला इस्तिकान सुलटा करायचं काम माझं होतं. एवढंच तर करायचं होतं, हात पुढे करायचा आणि आईचे शब्द म्हणायचे. मग तुला बसावंच लागलं असतं, निदान एक पेला तरी. मी हात पुढे केला नाही, तिथेच बसून कविता केली. तो इस्तिकान, सोनेरी काठाचा, मी धुतला आणि कोनाड्यात ठेवला, पालथाच. आईला सांगितलं, वाळवंटातली धूळ आत जाऊ नये म्हणून. तिने माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि तो तसाच राहू दिला.

आज सकाळी तो खाली काढला. सुलटा केला. भरला.

हा माझ्या नावाचा.

तूरान